कागदावरची लीग

एक्झामच्या आदल्या रात्रीसुद्धा फुटबॉल मॅनेजर खेळणारे महाभाग आपल्या हॉस्टेलमध्ये आहेत. टीम निवडायची, प्लेयर विकायचे, बजेट सांभाळायचं. मॅच मात्र कॉम्प्युटर खेळणार. त्या नावाचा जुना गेम केव्हिन टॉम्सने १९८२ मध्ये आणला. पण दोस्तहो, त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी अमेरिकेतल्या लोवेल नावाच्या गिरणगावात एक शाळकरी मुलगा हे सगळं कागदावर करत होता. त्याचं नाव जॅक केरुअॅक. हो, तोच, 'ऑन द रोड'वाला!

जॅक जन्मला १२ मार्च १९२२ ला. आई-वडील कॅनडाकडचे फ्रेंच, त्यामुळे इंग्लिश त्याला शाळेत गेल्यावरच आलं. (घरी एक भाषा, शाळेत दुसरी, हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना वेगळं सांगायला नको.) तो चार वर्षांचा असताना मोठा भाऊ जेरार्ड गेला. मग हा पोरगा एकटाच खेळ रचत बसायचा. गोट्यांच्या घोड्यांच्या शर्यती लावायचा आणि त्यांचे रिपोर्टही लिहायचा.

त्याचा खरा मास्टरपीस म्हणजे बेसबॉल लीग. सुरुवातीला गोटी, टूथपिक, खोडरबर असलं सामान होतं. पुढे त्याने कार्डं बनवली. पिचर, म्हणजे आपला बॉलर, किती चांगला आणि बॅट्समन किती चांगला यावरून निकाल बदलायचा. कार्डावर नुसतं 'आउट' नाही, तर बॉल हळू घरंगळत कुठल्या फील्डरकडे गेला हेसुद्धा! आपल्या भाषेत सांगायचं तर टू-डायमेन्शनल अॅरे आणि त्याला जोडलेला रँडम नंबर. आपलं बुक क्रिकेट आठवा. त्यात सचिन काय आणि अकरावा बॅट्समन काय, पान उघडलं की दोघांना सारखाच चान्स. जॅकच्या गेममध्ये तसं नव्हतं. चांगला प्लेयर बहुतेक वेळा चांगला खेळायचा, पण प्रत्येक वेळी नाही. मला वाटतं रिअॅलिस्टिक गेमची सगळी गोम इथेच आहे. लीगचा मालक स्वतःच, विचारणारं कोणी नाही, तरी हा पोरगा निकाल कार्डावर सोडायचा आणि जो लागेल तो वहीत मांडायचा.

टीमची नावं गाड्यांवरून नाहीतर रंगांवरून: पिट्सबर्ग प्लिमथ्स, बोस्टन ग्रेज. वायनो लव्ह नावाचा एक प्लेयर होता. अॅव्हरेज तर सोडाच, पैशांचे हिशेब, कॉन्ट्रॅक्टवरून झालेली भांडणं, सगळ्याच्या बातम्या तो घरगुती पेपरात छापायचा. वडील प्रिंटिंगच्या धंद्यातले, तेव्हा हे रक्तातच असणार.

स्वतः जॅक मैदानावरही तगडा होता. अमेरिकन फुटबॉलच्या जोरावर त्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. पण १९४० मध्ये, पहिल्याच सीझनमध्ये, पाय मोडला. बरा झाल्यावर कोच लू लिटलशी पटेना, आपल्याला पुरेसं खेळवत नाहीत ही त्याची तक्रार. १९४१ मध्ये त्याने कॉलेज सोडलं. प्लेयरची ग्रेड कार्डावर लिहिता येते, कोचची मर्जी कशी लिहिणार?

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. भटकंती, दारू, आणि एप्रिल १९५१ मध्ये तीन आठवड्यांत एका लांबलचक कागदाच्या गुंडाळीवर टाइप केलेलं 'ऑन द रोड', जे छापून यायला १९५७ उजाडलं.

मधल्या काळात, १९५६ च्या उन्हाळ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या डेसोलेशन पीकवर त्याने वणव्यावर नजर ठेवायची नोकरी केली. डोंगरमाथ्यावर खोपटात ६३ दिवस एकटा. वय ३४. तिथे तो काय करायचा? पत्ते काढून प्लिमथ्सच्या मॅचेस खेळायचा! लोवेलमधली तीच लीग.

२१ ऑक्टोबर १९६९ ला फ्लोरिडात दारूपायी तो गेला, अवघ्या ४७ व्या वर्षी. मित्रांजवळ या लीगबद्दल तो फारसं बोलत नसे. ती कार्डं आणि वह्या मात्र त्याने जपून ठेवल्या होत्या. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २००९ मध्ये त्यांच्यावर एक अख्खं पुस्तक काढलं, वायनो लव्हच्या बॅटिंगसकट.