शिक्क्याविना पस्तीस वर्षे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गावात पुढची शाळा नव्हती, आणि मुलीला रोज परगावी कोण धाडणार? परंतु वाचनाची आवड राहिली. गेल्या पावसाळ्यात वाचनालयातून महर्षी कर्वे यांचे आत्मवृत्त आणि त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ अशी दोन्ही पुस्तके आणून वाचली. अण्णासाहेबांनी विधवांसाठी आश्रम काढला, हे आपण सर्व जाणतो. पण त्यांनी एक सबंध विद्यापीठ उभे करून कसे चालविले, माणसे कशी जमविली आणि टिकविली, हे फारसे कुणी सांगत नाही. तेच आज सांगावेसे वाटते.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी कोकणात शेरवली येथे आजोळी झाला, आणि बाळपण मुरुडास गेले. घरची स्थिती बेताची. 1875 साली सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर सह्याद्रीचा घाट ओलांडून शंभर मैलांहून अधिक चालत साताऱ्यास गेले. तेथे परीक्षा घेणाऱ्यांनी हा मुलगा लहान दिसतो म्हणून त्यांस बसूच दिले नाही. आले तसे ते परत गेले आणि दुसऱ्या वर्षी कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे मुंबईस शिकवण्या करीत शिकून 1884 साली ते गणित घेऊन बी. ए. झाले. दारावरून परत पाठविले तरी राग न धरता दुसऱ्या दाराशी जायचे, ही त्यांची रीत तेव्हाच ठरून गेली असावी.

1891 साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथील आजीव सभासद थोड्या वेतनावर वीस वर्षे काम करण्याचे वचन देत. एखादी संस्था धनिकाच्या पैशाइतकीच, किंबहुना अधिक, अशा बांधून घेतलेल्या माणसांवर उभी राहते, हा धडा त्यांना तेथे मिळाला. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. 1893 साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे. मुरुडकरांनी अण्णांना वाळीत टाकले आणि त्यांच्या आईलाही त्याचा फार ताप झाला.

1896 साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगच्या दिवसांत 1900 साली तो शहराबाहेर हिंगण्यास नेला. रावबहादुर गोखले यांनी जमीन दिली आणि तिच्यावर एक झोपडी उभी राहिली. दिवसभर कॉलेजात शिकवून अण्णा संध्याकाळी चालत हिंगण्यास जात. आजचे गजबजलेले कर्वेनगर ते हेच. तेव्हा तेथे माळ होता आणि पावसाळ्यात वाटभर चिखल.

येथे त्यांची एक युक्ती मला फार मोलाची वाटली. ते स्वतः पुनर्विवाह केलेले. परंतु आश्रमाचे काम आणि पुनर्विवाहाचा प्रचार ही दोन कामे त्यांनी अलग ठेवली. आश्रमात येणाऱ्या मुलीने शिकावे आणि आपल्या पायावर उभे राहावे, एवढेच आश्रमाचे काम. काही सुधारकांना हा कच्चेपणा वाटला. पण आपली विधवा लेक किंवा बहीण पाठवायला कचरणाऱ्या बापांचा आणि भावांचा धीर त्यामुळेच झाला असेल. आपली सर्व मते संस्थेच्या डोक्यावर लादायची नसतात, हे चालकाने शिकण्यासारखे आहे.

माणसे निवडण्यातही त्यांची नजर होती. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमात आल्या तेव्हा विधवा होत्या, आणि त्यांचे शिक्षण जवळजवळ नव्हतेच. अण्णांनी त्यांना शिकविले आणि हळूहळू आश्रमाची देखरेखच त्यांच्या हाती दिली. वर्गणीसाठी त्या गावोगाव फिरल्या, भाषणे करू लागल्या आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. तयार माणसाची वाट न पाहता, जे माणूस समोर आहे त्याच्यावर जबाबदारी टाकून त्याला तयार करायचे, ही अण्णांची पद्धत. 1908 साली त्यांनी निष्काम कर्म मठ काढला. त्याचा हेतू हाच, की संस्थांना जन्म वाहून घेणारे सेवक आणि सेविका मिळाव्यात.

1914 साली ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी जपानातील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि साठीला टेकलेल्या या गृहस्थाने नवा संसार मांडला. 1915 च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष या नात्याने त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि 1916 साली विद्यापीठ सुरू झालेसुद्धा! कुलगुरूपद त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. डॉ. भांडारकर कुलपती झाले आणि रँग्लर परांजपे कुलगुरू. मान मोठ्यांना दिला, पैसा गोळा करण्याची पायपीट मात्र स्वतःकडे ठेवली. पहिल्या वर्षी कॉलेजात विद्यार्थिनी किती? अवघ्या पाच.

शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, असे त्यांनी ठरविले. इंग्रजीच्या सक्तीबद्दल गांधीजींशी त्यांचा मतभेद झाला, तरी ते ढळले नाहीत. पदवीचे नावही आपल्या भाषेतले ठेवले, गृहीतागमा. परंतु, भगिनींनो, या पदवीला सरकारची मान्यता नव्हती! म्हणजे मुलीने वर्षानुवर्षे शिकावे आणि हाती पडावा तो शिक्क्याविना कागद. बायकांसाठी वेगळे विद्यापीठ म्हणजे दुय्यम विद्यापीठ, असे म्हणणारेही होते. त्या म्हणण्यात मुळीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. मला स्वतःला मुलगी आहे आणि तिने मुलांच्या बरोबरीने शिकावे असेच मला वाटते. पण त्या काळी ज्या घरांतून मुलगी मुलांच्या कॉलेजात कधीच गेली नसती, त्या घरांचे दार कुणी वाजवायचे? ते या विद्यापीठाने वाजविले.

1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठास मिळाले. पुढे 1936 साली विद्यापीठाची कचेरी मुंबईस गेली. आपण वाढविलेले रोप दुसऱ्याच्या अंगणात लावायचे, दुसऱ्याच्या नावाने ओळखू द्यायचे, आणि तरी पाणी घालीत राहायचे, हे सोपे नाही. विद्यापीठाचे नाव कर्वे असावे असा हट्ट त्यांनी धरला नाही. 1929 साली, सत्तरी उलटल्यावर, ते जगाच्या प्रवासास निघाले. युरोप, अमेरिका, जपान, आणि मागाहून आफ्रिका. विद्यापीठाची माहिती सांगायची आणि मिळेल ती मदत घ्यायची. घरी त्यांच्या सूनबाई इरावतीबाई 1931 पासून काही वर्षे याच विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या. त्याच पुढे थोर मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आल्या.

आता बायांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. अण्णांनी आपली साठवण आश्रमास दिली, आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा दिली. मुले लहान, घरात येणारे-जाणारे, आणि घरधनी सर्व देऊन मोकळे! बायांना याचा राग आला, आणि तो त्यांनी आपल्या पुस्तकात लपवून ठेवलेला नाही. ते वाचताना मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ तशीच बसले. संस्थेच्या जमाखर्चाच्या वहीत देणगीदारांची नावे येतात, पण घरात काटकसर करणारीचे नाव कोणत्या पानावर येते? तरीही त्याच बायांनी स्वतः फिरून आश्रमासाठी वर्गणी जमविली. म्हणून मला वाटते, या विद्यापीठाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचेही नाव घ्यावे.

अखेर 1951 साली विद्यापीठास कायद्याने मान्यता मिळाली. 1916 पासून पस्तीस वर्षे झाली होती आणि अण्णा त्र्याण्णव वर्षांचे होते. 1958 साली, शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले आणि 9 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांनी देह ठेवला.

आपल्या मंडळाची नोंदणी होण्यापूर्वी आपण देवळाच्या ओसरीवर जमत होतो. वर्गणीची वही एकीच्या घरी, सतरंज्या दुसरीच्या घरी. कागद नाही म्हणून काम थांबवावे, असे तेव्हा काहीजणी म्हणत होत्या. मला वाटते, कागद येतो तेव्हा येवो. तोवर वर्ग भरला पाहिजे, हिशेब चोख लिहिला पाहिजे, आणि आपल्यामागून येणारी एखादी पार्वतीबाई तयार झाली पाहिजे. पाच मुलींवर विद्यापीठ सुरू होऊ शकते, तर आपण तर पुष्कळजणी आहोत.

अण्णांच्या आणि बायांच्या स्मृतीस माझे नम्र वंदन.