वसईचा मुलगा जपानी बोलायला शिकला आणि थेट सत्ताधीशापुढे उभा राहिला

चारोटी नाक्यावरून मुंबईच्या दिशेने हायवे धरला की पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वसई लागते. साडेचारशे वर्षांपूर्वी याच वसईतून एक तरुण जपानला गेला. नाव गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून ते ओळखले जातात.

घरदार सोडून वर्षानुवर्षं परक्या मुलखात धर्मसेवा करायची, तर सोबत काय हवं? याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं.

वसईवर १५३४ पासून पोर्तुगीजांची सत्ता होती. गोन्सालोंचा जन्म १५५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली ते शिकले आणि तरुणपणी त्यांच्यासोबत जपानला गेले. तेव्हाचा हा प्रवास मलाक्का, मकाव असा टप्प्याटप्प्याने व्हायचा. वारा अनुकूल होईपर्यंत जहाजं बंदरातच थांबायची. म्हणजे पहिली शिदोरी लागायची ती धीराची.

दुसरी भाषेची. गोन्सालो जपानी बोलायला शिकले, लोकांत मिसळले आणि तिथे काही वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं.

पण जेझुइट संघात सामील व्हायची त्यांची इच्छा काही पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार सुरू केला आणि त्यात जमही बसवला. मनातली ओढ मात्र सुटली नाही. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून घेतलं.

आता जपानी भाषा कामी आली. १५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे दूत म्हणून पाठवलं. दुभाषी होते गोन्सालो. क्योतोत राहायची परवानगी मिळाली. तिथे चर्च उभं राहिलं, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने सुरू झाले.

पण परवानगी देणाऱ्याची मर्जी फिरली तर? नेमकं तेच झालं. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर अडकलं. मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचं सैन्य येतं, हा संशय बळावला आणि धरपकड झाली. कैद्यांच्या कानाचा तुकडा कापून त्यांना ऐन थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर मारलं. त्यात गोन्सालो होते आणि अवघ्या १२ वर्षांचा एक जपानी मुलगाही.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना संत घोषित केलं.

ज्या भाषेने गोन्सालोंना दरबारापर्यंत नेलं, ती त्यांना वाचवू शकली नाही. दूरच्या सेवेला निघणाऱ्याला भाषा, धीर आणि पोटापाण्याची सोय आधी करता येते. परत येण्याची खात्री मात्र कुणालाच देता येत नाही, आणि हे मान्य करूनच घर सोडावं लागतं.

वसईत आज त्यांच्या नावाने कॉलेज आहे आणि किल्ल्यात चर्चही.