दोनदा काढला गेलेला फ्लॉपीवाला
सेव्हच्या आयकॉनवर दिसते ती फ्लॉपी. तिच्यामागचं मोठं नाव ॲलन शुगार्ट. जन्म १९३०, लॉस एंजेलिस. १९५१ मध्ये तो आयबीएममध्ये मशिनं दुरुस्त करायला लागला आणि पुढे त्याच्याच हाताखाली ८ इंची फ्लॉपीचं काम सुरू झालं. १९७१ मध्ये ती बाजारात आली, तोवर हा आयबीएम सोडून गेलेला!

१९७३ मध्ये त्याने शुगार्ट असोसिएट्स काढली. पण वर्षभरातच स्वतःच्या नावाच्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं. १९७६ मध्ये याच कंपनीची सव्वापाच इंची फ्लॉपी आली आणि तिने ८ इंचीला मागे टाकलं. तेव्हा शुगार्ट कुठे? मासेमारीच्या बोटीवर.

१९७९ मध्ये गडी पुन्हा मैदानात. कंपनी, आजची सीगेट. तिची पहिली ५ मेगाबाइटची हार्ड डिस्क मुद्दाम सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हच्या मापाची होती, म्हणजे त्याच जागेत बसणारी. पुढे सव्वापाच इंचीलाही सोनीच्या साडेतीन इंचीने हरवलं. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये तीच होती, आयकॉनवरही तीच आहे.

१९९८ मध्ये सीगेटनेही शुगार्टला काढलं. २००६ मध्ये तो गेला. फ्लॉपी केव्हाच संपली, सीगेट मात्र आजही हार्ड डिस्क विकतेय.