तबकडीवरचा सूर : उस्ताद अब्दुल करीम खाँ

किराणा घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थिरावले, तरी मद्रासच्या रसिकांशीही त्यांचा जिव्हाळा होता. कर्नाटक संगीत त्यांनी आस्थेने अभ्यासले व त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली. विद्या झाकून ठेवण्याच्या काळात त्यांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. तासभर फुलणारा राग तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत मांडणे अवघड. खाँसाहेबांनी तो सुराला धक्का न लावता मांडला. त्यांची ठुमरी तबकडीवर ऐकून गदगच्या बाल भीमसेनने गुरूच्या शोधात घर सोडले आणि पुढे त्यांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे विद्या घेतली. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतील सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर खाँसाहेबांनी देह ठेवला. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले. त्यांचे गाणे मात्र तोवर दूरदूरच्या घरी पोचले होते.