श्वासावर नजर ठेवणाऱ्या डॉ. रूपाबाई

जालना जिल्हा १९८१ साली अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा या भागाचा इतिहास १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाशी बांधलेला आहे. या संस्थानाने वैद्यकशास्त्राला एक विलक्षण स्त्री दिली. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये गणल्या जाणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी या त्या होत.

हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ सालची. १८८५ मध्ये रेसिडेन्सीचे सर्जन म्हणून आलेले एडवर्ड लॉरी यांनी तिची सूत्रे हाती घेतली आणि मुलींसाठी तिची दारे उघडली. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या पाच विद्यार्थिनींत पारशी कुटुंबातील रूपाबाई होत्या. पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरसमोर येत नसत; त्यामुळे या पाच जणींचे शिक्षण ही संस्थानाची निकड होती. १८८९ मध्ये रूपाबाईंनी 'हकीम' ही पदवी मिळवली.

क्लोरोफॉर्मबद्दल त्या वेळी वैद्यकविश्वात मोठा वाद होता. एडिनबर्गच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये ते बाळंतपणात वापरले, प्रसूतीच्या वेदनांतून स्त्रियांची सुटका झाली. पण पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म घेताच दगावली. मृत्यू हृदय थांबल्याने होतो की श्वास थांबल्याने, हा प्रश्न त्यानंतर सुटेना. एडिनबर्गमध्ये शिकलेले लॉरी श्वासाच्या बाजूचे होते. १८८८ आणि १८८९ मध्ये त्यांनी निजामाच्या खर्चाने दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले. दुसऱ्यासाठी 'लॅन्सेट'ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना धाडले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की श्वास आधी थांबतो. भूल देणाऱ्याने नाडी सोडून श्वास पाहावा.

रूपाबाई याच वातावरणात घडल्या. क्लोरोफॉर्म देणे हेच त्यांचे काम झाले आणि १८८९ ते १९१७ अशी जवळपास अठ्ठावीस वर्षे त्यांनी ते हैदराबादच्या रुग्णालयांत केले. ना रक्तदाबाचे यंत्र नेहमीचे, ना प्राणवायू मोजणारे उपकरण. हाती होते ते फक्त कापड, बाटली आणि छातीच्या हालचालीवर खिळलेली नजर. १९०९ मध्ये अॅनी बेझंट यांच्या प्रोत्साहनाने त्या एडिनबर्गला गेल्या आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र शिकल्या. भूलशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम तेव्हा नव्हता. औषधाचे वायूरूप आणि त्याची मात्रा समजून घ्यायची तर ही दोन शास्त्रे हवीत, हे त्यांनी ओळखले होते. नोकरीत मुरलेल्या डॉक्टरने पुन्हा विद्यार्थिनी होणे त्या काळी सोपे नव्हते.

१९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयाची लय अचानक बिघडूनही मृत्यू येतो. म्हणजे लॉरींचे म्हणणे अर्धेच खरे होते, आणि नाडीकडे दुर्लक्ष करण्याचा त्यांचा हट्ट घातक होता. श्वासाबाबतचा त्यांचा आग्रह मात्र चुकीचा नव्हता. रूपाबाई १९२० मध्ये चादरघाट रुग्णालयाच्या अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्या.

जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये पाठीच्या कण्यातून भूल देण्याची पद्धत प्रत्यक्षात आणली आणि १९०० मध्ये ऑस्कर क्राइस यांनी ती बाळंतपणात वापरली. आज सिझेरियनमध्ये बहुधा हीच भूल असते. कमरेखालचा भाग बधिर, आई जागी. कुणी फार घाबरली तर थोडे गुंगीचे औषध देता येते. पण ते सहसा बाळ बाहेर आल्यावर आणि अगदी कमी मात्रेत. आधी दिले तर वारेतून बाळापर्यंत पोचून त्याचा पहिला श्वास मंदावू शकतो. शिवाय गरोदर स्त्रीच्या पोटातले अन्न सहज वर येते. गुंगी जास्त झाली तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका. म्हणून तिच्याशी बोलत राहायचे, हाकेला ओ देते ना ते पाहायचे. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर प्राणवायू दाखवतो खरा, पण श्वास मंदावल्यावर त्याचा आकडा खाली यायला, विशेषतः प्राणवायूचा मास्क लावलेला असेल तर, वेळ लागतो. तोवर भूलतज्ज्ञाला छाती वर-खाली होते की नाही हे स्वतःच बघावे लागते.