घोटभर पाण्याचे मोल

सात वर्षांची ती मुलगी वाळून काटकी झाली होती. घरातला कॉस्टिक सोडा साखर समजून पोरे तोंडात टाकत, त्यांतलीच ती एक. अन्ननलिका भाजली, जखम भरताना आक्रसली आणि शेवटी पाण्याचा थेंबही खाली उतरेना. पिट्सबर्गच्या डॉ. शेव्हेलियर जॅक्सन यांनी तिच्या घशातून पोकळ नळी उतरवली, वाटेत अडकलेला बोळा चिमट्याने काढला आणि अरुंद मार्ग थोडा रुंद केला. नर्सने पेला पुढे केला. मुलीने भीतभीत घोट घेतला. तो उतरला! दुसराही उतरला. तिने पेला अलगद बाजूला सारला आणि डॉक्टरांचा हात हातात घेऊन त्याचे चुंबन घेतले.

जॅक्सन यांचा जन्म १८६५ चा. किरकोळ अंगाच्या या मुलाचा शाळासोबत्यांनी अतोनात छळ केला. पुढे घरची ओढगस्त असताना काचेवर चित्रे रंगवून त्यांनी शिक्षणाला हातभार लावला आणि १८८६ मध्ये ते डॉक्टर झाले. अन्ननलिकेत डोकावण्याची दुर्बीण त्यांनी १८९० मध्ये बनवली. क्षयाने वारंवार गाठूनही काम सुटले नाही. टाचण्या, नाणी, बटणे, खेळणी अशा त्यांच्या संग्रहातल्या दोन हजारांवर वस्तू आजही फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहेत.

पण भाजलेली नलिका रुंद करणे म्हणजे महिनोन् महिन्यांची तपश्चर्या. एक मूल बरे होईतो दुसरे दारात! सोड्याच्या डब्यावर साधी धोक्याची सूचनाही नसे. तेव्हा हा अबोल, भिडस्त माणूस कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडला. १९२७ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. अशा डब्यांवर ‘विष’ हा शब्द आणि प्रथमोपचार छापणे सक्तीचे झाले. १९५८ मध्ये जॅक्सन गेले. दुर्बिणीइतकेच मोल त्या चिठ्ठीचेही आहे.

आपल्या घरांत मात्र बाथरूमचे ॲसिड आजही शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले दिसते. मुलाने चुकून ते प्यायलेच, तर ओकारी काढू नये, लिंबूपाणी पाजू नये, तडक रुग्णालय गाठावे. खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी घशात अडकली, तर दोन तासांतही नलिका भाजते. जॅक्सन यांचे ऋण फेडायचे असेल, तर ती बाटली आजच उंच फळीवर, कुलुपात जायला हवी.