मोलेसरशास्त्री आणि शीव

या महिन्यात थोर माणसाची माहिती लिहायची माझी पाळी आहे. मी मोल्सवर्थ साहेबांवर लिहिणार आहे. हे कोण, ते दिवाळीपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. एका शब्दकोड्यामुळे ते मला माहीत झाले. म्हणून आधी कोड्याची हकिगत सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर मुंबईला मामांकडे गेलो. एसटीने दादरला उतरलो. तिथून लोकल. दादरनंतर माटुंगा येते आणि मग शीव. मामा शीवला राहतात. मामांचा मुलगा सातवीत आहे. त्याला मी दादा म्हणतो. दादा रोज पेपरातले शब्दकोडे सोडवतो. त्याला पुष्कळ शब्द येतात. मी शेजारी बसून बघायचो.

एकदा मी बोलता बोलता म्हणालो की चिमणी वळचणीला बसली आहे. तर दादा आणि त्याचे मित्र हसले. असा शब्दच नसतो, असे ते म्हणाले. मला लई वाईट वाटले. आमची आज्जी तर रोज म्हणते. मग दोन दिवस मी कमीच बोललो. काही चुकीचे बोललो तर पुन्हा हसतील असे वाटायचे.

तिसऱ्या दिवशी कोड्यात गावाची हद्द असा एक शब्द विचारला होता. घरे दोन. दादाने सीमा लिहिले. पण उभा शब्द शीतल होता आणि त्याचा शी पहिल्याच घरात येत होता. त्यामुळे सीमा काही बसेना. दादा चिडला. कोडेवाल्याने कुणी न वापरणारा शब्द घातलाय म्हणाला. मी हळूच सांगितले की तो शब्द शीव आहे. आमच्या गावात हा शब्द पोरासोरांना माहीत आहे. आमचे शेत शिवेवरच आहे. दादा रोज शीव स्टेशनाची पाटी बघतो. पण त्याला ते नुसते स्टेशनाचे नाव वाटत होते.

मामा ऐकत होते. त्यांनी सांगितले की पूर्वी मुंबईचे बेट इथे संपायचे आणि खाडीपलीकडे साष्टी लागायची. म्हणून या जागेला शीव म्हणतात. इथल्या टेकडीवर इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात किल्ला बांधला. तो आम्ही संध्याकाळी बघून आलो. वर चढताना दादाने मला वळचण म्हणजे काय ते विचारले. मी सांगितले की छपराचा भिंतीबाहेर आलेला भाग, पावसात माणसे त्याखाली उभी राहतात. या वेळी तो हसला नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी बाईंना विचारले की सोपा शब्द कोणता आणि अवघड कोणता, हे कोण ठरवते. तेव्हा बाईंनी मोल्सवर्थ साहेबांची गोष्ट सांगितली.

त्यांचे पूर्ण नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ. त्यांचा जन्म १७९५ साली इंग्लंडमध्ये झाला. लहान वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती होऊन आपल्याकडे आले. पेशव्यांचे राज्य १८१८ साली गेले आणि आपल्या मुलखात कंपनीचा कारभार सुरू झाला. गोऱ्या साहेबांना शेतसारा, कज्जे, अर्ज सगळे मराठीत ऐकावे लागे. पण त्यांना समजत नसे. त्यासाठी कोश हवा होता. मोल्सवर्थ साहेबांनी मराठीचा खूप अभ्यास केला आणि हे काम अंगावर घेतले. सरकारने त्यांना मुंबईला बसवून काम दिले. थॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी हे दोघे भाऊ त्यांच्या मदतीला होते. शिवाय आपले पंडित होते.

शब्द गोळा करणे म्हणजे सोपे काम नाही. तेव्हा रेल्वे नव्हती आणि फोनही नव्हता. एकच वस्तू, तिला कोकणात एक नाव आणि घाटावर दुसरे. मग खरे कोणते? साहेबांनी एक ठेवून दुसरे फेकून दिले नाही. दोन्ही लिहिली. शब्द कोकणातला असेल तर तसे लिहिले. कवितेतच येत असेल तर तसे लिहिले. संस्कृतातून आला की फारसीतून, तेही लिहिले. काही बोलींच्या शब्दांपुढे त्यांनी हलका शब्द असाही शेरा मारला आहे. हे मला आवडले नाही. पण बाई म्हणाल्या की शेरा मारला तरी शब्द टाकला नाही, हे महत्त्वाचे.

१८३१ साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. मग त्यांनी इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला. पण तब्येत बिघडली आणि १८३६ साली त्यांना इंग्लंडला परत जावे लागले. तो कोश थॉमस कँडी यांनी १८४७ साली पुरा केला.

दुसरा कोणी असता तर घरी स्वस्थ बसला असता. पण मोल्सवर्थ साहेब १८५१ साली पुन्हा आले. तेव्हा ते छप्पन वर्षांचे होते. पहिल्या वेळी सुटलेले शब्द त्यांनी पुन्हा वेचले. १८५७ साली कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात सुमारे ६०,००० शब्द झाले. लोक त्यांना मोलेसरशास्त्री म्हणू लागले. १८७१ साली ते इंग्लंडमध्ये वारले. त्यांचा कोश पुण्यात १९७५ साली पुन्हा छापला गेला आणि आजही लोक तो बघतात.

बाईंनी मोबाईलवर तो कोश उघडला. आम्ही शीव शोधला. सापडला! मग वळचण शोधली. तीही सापडली. मला फार आनंद झाला. आज्जीचा शब्द दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आहे, हे मी दादाला पत्राने कळवले.

नंतर आम्ही भित्तिपत्रकासाठी आमचे स्वतःचे शब्दकोडे करायला घेतले. पण कोणते शब्द घ्यायचे यावर भांडण झाले. जो तो आपलाच शब्द सोपा म्हणे. मग मोलेसरशास्त्र्यांसारखे आम्ही माणसांना विचारायचे ठरवले. आधी वर्गात हात वर करायला लावले. आम्ही तेवीस मुले आहोत. कणगी शब्दाला एकोणीस हात वर झाले. फलाट शब्दाला सहाच. मुंबईला विचारले असते तर उलटे झाले असते. मोट शब्दाला चारच हात होते. पण घरी विचारले तर सगळ्यांच्या आज्ज्यांना मोट माहीत होती. कारण आता विहिरीवर पंप आहेत. मोट गेली आणि तिच्यामागे शब्दही चालला.

यावरून मला कळले की शब्द आपला आपण सोपा किंवा अवघड नसतो. तो कुणाला विचारला त्यावर ते असते. एकाला अवघड शब्द दुसऱ्याच्या घरी रोज बोलतात. म्हणून कुणाच्या शब्दाला हसू नये. आधी अर्थ विचारावा.

आमचे कोडे शेजारच्या कागदावर आहे. त्यात मोट आणि फलाट दोन्ही घातले आहेत. गावची मुले आणि मुंबईचे पाहुणे मिळून बसले तरच ते पुरे सुटेल. त्याखाली एक कोरा कागद लावला आहे. पालकांना विनंती आहे की तुमच्या लहानपणी बोलत होते आणि आता कुणी बोलत नाही, असा एक शब्द त्यावर लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आम्हाला सांगावे. आम्ही लिहून घेऊ. माझ्या आज्जीने आधीच तीन सांगितले आहेत.

इयत्ता चौथी